दुसरीने दोन, पाचवीने पाच

माझ्या शाळेत मूल जितकी वर्षं काढेल तितकं ते मंद होत जातं, हे मला एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता समजलं. तोवर बावीस वर्षांच्या नोकरीत माझा समज उलटा होता.

निकाल वर्गाच्या पडद्यावर आला. एक आलेख आणि त्याखाली चार ओळी. आलेखात पाच खांब होते. पहिलीचा एकशे एक, दुसरीचा ब्याण्णव, तिसरीचा एक्याऐंशी, चौथीचा बहात्तर आणि पाचवीचा सहासष्ट. इतक्या रेखीव पायऱ्या आमच्या शाळेच्या दारालाही नाहीत. खाली लिहिलं होतं की, शाळेचा मुलांच्या बुद्धीवर होणारा परिणाम 'ऋण' आहे, सबब जूनपासून काळमुऱ्याची शाळा बंद करून अकराही मुलांना पलीकडच्या काठावरच्या निवासी शाळेत दाखल करावं. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

मी सुवर्णा कणसे. काळमुरा म्हणजे कोयना धरणाच्या फुगवट्यापलीकडे पठारावर असलेली सव्वीस घरांची गवळी-धनगरांची वस्ती. इथे यायला लाँच आहे. ती आता उन्हावर चालते आणि चालवायला माणूसही लागत नाही, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की चिखल तुडवायचा तो आपल्याच पायांनी. शाळेला एक खोली, शेजारी पोषण आहाराची खोली, पाच इयत्ता आणि एक बाई. ती मी.

अकरातली सगळ्यांत लहान मैना झोरे. सहा वर्षांची, पहिलीत एकटीच. पाण्यापलीकडे झोपायला जायचं म्हणजे काय, हे तिला कळायला वेळ लागला असता. मला लागला नाही.

या खांबांची सुरुवात तीन आठवड्यांपूर्वी झाली होती. निनाद भुस्कुटे नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ पाठीवर पेटी घेऊन पठार चढून आला. पेटीत चार चष्मे होते. पूर्वी मुलांची बुद्धिमापन चाचणी म्हणजे एक तज्ज्ञ, एक मूल आणि दीड तास. ठोकळे जुळवायचे, आकडे उलटे म्हणायचे, शब्दांचे अर्थ सांगायचे. आता चष्मा तेच बारा मिनिटांत उरकतो. मुलाच्या डोळ्यांसमोर चित्र येतं, कानात प्रश्न येतो, मूल बोलून किंवा हातातली कळ दाबून उत्तर देतं. चष्म्याच्या काड्यांत बसवलेले दोन बारीक कॅमेरे, नजर कुठे वळली, डोळ्यातली बाहुली केव्हा मोठी झाली आणि केव्हा लहान, हे सेकंदाला शंभर वेळा टिपत राहतात.

चाचणीआधी निनादने पालकांना ओट्यावर बसवून सगळं समजावलं. मला मुलगा तिथेच आवडला, कारण त्याने यंत्राची बढाई मारली नाही.

"शंभर म्हणजे शंभरपैकी शंभर नव्हे," तो म्हणाला. "त्याच वयाच्या हजारो मुलांना हे प्रश्न घातले, त्यांची सरासरी शंभर धरली. नऊ वर्षांच्या मुलीची तुलना नऊ वर्षांच्याच मुलांशी. तीनातली दोन मुलं पंच्याऐंशी ते एकशे पंधरा यांच्यात येतात. आणि आज घेतलेली चाचणी पुढच्या महिन्यात पुन्हा घेतली तर चार-पाच अंक इकडेतिकडे होणारच."

"म्हंजी आकडा हा खुंटा," पाचवीतल्या वेणूचे वडील, धोंडू आखाडे म्हणाले. "पोर दाव्याएवढं त्याच्या भवती फिरणार."

"अगदी बरोबर," निनाद म्हणाला, आणि त्याने ते वहीत लिहूनही घेतलं. "आणि यात चार गोष्टी मोजतात. शब्द किती समजतात, आकार किती समजतात, डोक्यात एका वेळी किती धरून ठेवता येतं आणि काम किती चटकन होतं. मूल माणूस म्हणून कसं आहे ते यातून कळत नाही."

"ते आमाला ठावं हाय," धोंडूभाऊ म्हणाले, आणि चाचणीला वस्तीची परवानगी मिळाली.

चाचणी आमच्या खोलीतच झाली. चार-चार मुलं बस्करावर ओळीने बसली, बाकीची मागे सतरंजीवर. जाताना निनाद ताकाचा दुसरा पेला संपवून म्हणाला, "मॅडम, मुलं फार शांत आहेत हो तुमची." मी ते कौतुक समजून घरी नेलं.

आता निकालासमोर उभी राहून मी त्याला फोन लावला. तो पहिल्याच घंटीला बोलला. त्यालाही निकाल नुकताच दिसला होता.

"मॅडम, मला काहीच कळत नाहीये. उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर आहेत. वेणू आखाडेचं तर एकच चुकलंय. पण या नव्या चाचणीत प्रत्येक भागाला वेळेचे गुण आहेत, आणि वेळेत मैना सोडून सगळी मुलं खाली बसली. ती तोंड न उघडता नुसत्या कळा दाबून मोकळी झाली."

"किती वेळ लागला?"

"हेच तर विचित्र आहे. दुसरीतली मुलं त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा दोन सेकंद मागे. तिसरीतली तीन. चौथीतली चार."

मी खुर्चीत बसले. "आणि पाचवीतली पाच," मी म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीच शिकवलंय त्यांना तसं."

हे सांगायला मला लाज वाटली, पण सांगितलं. एका खोलीत पाच इयत्ता असल्या की काय होतं, ते ज्याने शिकवलंय त्यालाच ठाऊक. प्रश्न कुणालाही विचारा, पाचवीतली मुलं उत्तर टाकून मोकळी होतात. धाकटी मुलं एक-दोन वर्षं तोंड उघडायचा प्रयत्न करतात, मग सोडून देतात, आणि पाचवीत पोहोचेपर्यंत ऐकण्यात तरबेज होतात. म्हणून सहा वर्षांपूर्वी मी एक नियम घातला. मी प्रश्न विचारला की पहिलीने मोजायचं नाही. दुसरीने मनात दोन मोजायचे, तिसरीने तीन, चौथीने चार, पाचवीने पाच. अंगठ्याने एकेक बोट दाबत. मग बोलायचं. आणि मध्ये कुणा धाकट्याने तोंड उघडलं तर मोठ्यांनी मोजणं सोडून थांबायचं, कितीही वेळ लागो.

नियमाचं मला किती कौतुक होतं म्हणून सांगू. मैना शाळेत येईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. वस्तीने तिला मुकी ठरवून टाकलं होतं. शाळेत आल्यावरही ती दिवाळीपर्यंत गप्पच. दिवाळीनंतर एका सकाळी मी विचारलं, आभाळात चंद्र दिसतो तो दिवसाही असतो का, आणि अकरा मुलांच्या त्या मोकळ्या शांततेत मैनाने तोंड उघडलं. आम्ही सगळे थांबलो. बराच वेळ थांबलो. "असतो," ती म्हणाली, "पन भ्यालेला." त्या दिवशी मी वर्गात रडले आणि मुलांना सांगितलं की डोळ्यात काहीतरी गेलंय. एकानेही विश्वास ठेवला नाही.

निनाद हे सगळं ऐकून खळखळून हसला. मी हसत नाही हे लक्षात आल्यावर थांबला.

"म्हणजे तुमच्याकडे मूल जितकं शहाणं, तितकं उशिरा बोलतं," तो म्हणाला. "आणि यंत्राला वाटलं, शाळाच मुलांना बिघडवते. मॅडम, यंत्राचं मोजणं चुकलं नाही हो. त्याने कळ कधी दाबली ते मोजलं, आणि ते अगदी अचूक मोजलं. ते विचार करण्याचा वेळ आहे असं आपण धरलं, तिथे चुकलं."

"मग हे तुमच्या वरच्यांना सांगा."

"सांगतो. पण मूल्यमापनाचे साळोखे साहेब शब्दावर जात नाहीत. फार तर फेरचाचणी देतील. प्रश्नांचा दुसरा संच आहे, त्यामुळे पहिले प्रश्न आठवण्याचा सवाल नाही. फेरचाचणी एकदाच मिळते. तुम्ही फक्त एवढं करा, मुलांना सांगा की मोजू नका. बाकी कसलीही तयारी नको."

फेरचाचणी मिळाली, पंधरा दिवसांनंतरची तारीख. मी दुसऱ्या दिवशी मुलांना गोल बसवलं आणि सगळं खरं खरं सांगितलं. शाळा बंद होऊ शकते, कारण तुम्ही मोजता. तेव्हा आजपासून मोजायचं नाही. प्रश्न आला की उत्तर.

वेणू आखाडे पाचवीतली. हाडकुळी आणि सरळ बोलणारी. तिने विचारलं, "मंग मैनानं कवा बोलायचं?"

"हे चष्म्यापुरतंच आहे गं," मी म्हणाले. "पंधरा दिवस."

पण सहा वर्षांची सवय सांगून जात नाही, असं मला वाटलं. निनाद तयारी नको म्हणाला होता. मी मात्र शिक्षिका आहे, तयारी घेतल्याशिवाय मला जेवण जात नाही. मी रोज सकाळी अर्धा तास चटाचट प्रश्न सुरू केले. पहिल्या दिवशी मुलं बिचकली. दुसऱ्या दिवशी त्यांना चव लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. नऊ साते? त्रेसष्ट! कोयना कुठे मिळते? कृष्णेला! चौथीतला जनू तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊ लागला, आणि त्यातली निम्मी दुसऱ्याच प्रश्नांची असत. खरं सांगते, मलाही मजा आली. इतका आवाज त्या खोलीने कधी ऐकला नव्हता. घड्याळ लावून पाहिलं तर पाचवीचा वेळ पाच सेकंदांवरून दीड सेकंदावर आला होता. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सातव्या दिवशी सगुणा झोरे, मैनाची आई, दुधाची किटली घेऊन शाळेच्या दाराशी उभी राहिली. ती कधी वर्गाच्या वेळेत येत नाही.

"बाई, मैनाला कुणी काय बोललं का?"

"नाही गं. का?"

"चार दिस झालं, घरी बोलत न्हाय. तोंड उघडती, आन् आमी काय म्हनती ते बगाया लागलो की मिटती. म्हनलं पयल्यावानी झालं का काय पुन्ना."

मी वर्गात वळून पाहिलं. मैना सतरंजीच्या कडेला बसली होती, दोन्ही हात मांडीखाली घालून. गेल्या सहा दिवसांत मी तिचा आवाज ऐकलाच नव्हता, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी घड्याळ बघण्यात गुंतले होते.

मला स्वतःचा इतका राग आला की सगुणाला नीट उत्तरही देता आलं नाही. तिने वाटच पाहिली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी बगाल, मला ठावं हाय," आणि गेली. त्या विश्वासाने तर मी अर्धमेली झाले.

तो दिवस मी इकडून तिकडे फेऱ्या घालण्यात काढला. चटाचट प्रश्न चालू ठेवले तर शाळा वाचेल आणि मैना पुन्हा मुकी होईल. बंद केले तर मुलं चष्म्यात मोजतील, शाळा जाईल, आणि मैना पलीकडे वसतिगृहात साठ अनोळखी मुलांत जाऊन बसेल. तिथे तिच्यासाठी थांबायला कोण होतं? दोन्हीकडून गप्पच. फरक एवढाच की पहिल्यात ती माझ्या डोळ्यांसमोर गप्प झाली असती, माझ्या हातून. ते मला जमणार नव्हतं. शाळा गेली तर गेली, लढू, पण वर्गातली ही लेकरं एकमेकांवर ओरडायला मी शिकवणार नाही, असं मी ठरवलं.

आठव्या दिवशी सकाळी मी मुलांना म्हणाले, "चुकलं माझं. चटाचट प्रश्न बंद. आजपासून पहिल्यासारखं मोजायचं."

जनूचा चेहरा पडला. वेणूने मात्र नि:श्वास सोडला. "बरं झालं," ती म्हणाली. "घसा बसला हुता."

"पण मग चष्म्याचं काय करायचं ते मला सुचत नाहीये," मी कबूल केलं. मुलांपुढे असं कबूल करायची वेळ माझ्यावर फारशी आलेली नाही. "चष्मा लावला की तुम्ही मोजणारच."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मी काहीतरी खुळचट बोलले आहे, अशा नजरेने.

"बाई," वेणू म्हणाली, "आमी काय चष्म्यासाटी मोजत हुतो व्हय? मैना खोलीतच हुती. दुसरीवाली पन हुती. एकटीला बशिवलं तर कुनासाटी मोजायचं?"

"म्हणजे तू एकटी असताना मोजत नाहीस?"

"घरी मी म्हशी मोजती," वेणू म्हणाली. "पाच कशाला मोजू?"

"आमी पन न्हाय," तिसरीतून आवाज आला, बरोबर तीन मोजून.

सहा वर्षं मला वाटत होतं की मी मुलांना एक सवय लावली. सवय लागते तशी ती लागली, आता ती मोडायला कष्ट पडणार, असा माझा हिशेब. सवय मला एकटीला लागली होती. मुलांना नियमाचं कारण समजलं होतं, आणि जिथे कारण नाही तिथे त्यांनी तो कधी पाळलाच नव्हता. शिकवणाऱ्याला इतकं सुख क्वचित मिळतं. त्या दिवशी मी मुलांना शिरा करून घातला.

मैना दोन दिवसांनी बोलली. शिरा परत कधी, असं विचारलं तिने. त्यासाठी सगळा वर्ग थांबला होता.

फेरचाचणीच्या दिवशी मी निनादला सांगितलं की प्रत्येक मुलाला वेगवेगळं, एकेकटं बसवायचं. त्याने सूचनापत्रक चाळून पाहिलं. शांत जागा हवी एवढंच त्यात होतं. मग पोषण आहाराच्या खोलीत, तांदळाच्या डब्यांच्या आणि फोडणीच्या वासाच्या मध्ये एक पाट मांडला आणि एकेक मूल आत गेलं. बाकीची मुलं पार पाण्याच्या टाकीपाशी. दुपारी दोनपर्यंत अकराही जण आटोपले. निनादने आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"काय?" मी विचारलं.

"सरासरी एकशे तीन. सगळे खांब सारखे. वेणू एकशे सोळा." तो हसत होता, पण पुरता नाही. "मॅडम, आता दुसरी पंचाईत. साळोखे साहेब हे मानणार नाहीत."

आणि खरंच, चौथ्या दिवशी साळोखे साहेब स्वतः लाँचने आले. चिखल तुडवत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. उंच, पांढऱ्या मिशांचे, मोजून बोलणारे गृहस्थ. शाळा ठेवायची की नाही, ही शिफारस तेच करणार होते. त्यांनी चहा घेतला नाही.

"बाई, मी तीस वर्षं या कामात आहे," ते म्हणाले. "चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावाने अंक थोडे वाढतात. पाच, सहा. तुमची पाचवी पाच आठवड्यांत जवळपास चाळीस अंकांनी हुशार झाली. असं होत नाही. असं पढवल्यावर होतं, किंवा उत्तरं फुटल्यावर."

निनाद पुढे झाला. त्याने साहेबांना आपल्या पडद्याच्या पाटीवर वेणूच्या पहिल्या चाचणीची मूळ नोंद दाखवली. डोकं कामाला लागलं की डोळ्यातली बाहुली मोठी होते, उत्तर सापडलं की ती बसते. यंत्र हे टिपतं, पण फक्त मूल झोपलं नाही ना ते पाहण्यासाठी. गुण देताना बघत नाही. वेणूच्या नोंदीत प्रश्नानंतर रेघ चढली होती आणि सव्वा सेकंदात खाली आली होती. म्हणजे उत्तर तिला तेव्हाच सापडलं. त्यापुढे पाच बारीक उंचवटे होते, एकापाठोपाठ एक, सारख्या अंतरावर. आणि मग कळ.

"ती मोजत होती, सर. पाच."

साहेबांनी चष्मा वर सरकवून रेघ पाहिली. "उंचवटे मलाही दिसतात," ते म्हणाले. "येताना सह्याद्रीत पुष्कळ दिसले. मला मुलं बघू द्या."

ते वर्गात आले. मुलं उभी राहिली, बसली. माझ्या मनात आलं की मुलांना काहीतरी खूण करावी, आज मोजू नका, आजच्या दिवस तरी. मी हात मागे बांधून उभी राहिले. खूण केली नाही.

"एका म्हशीला चार पाय," साहेब म्हणाले. "तर सात म्हशींना किती?"

वर्ग गप्प. दोन मोजून झाले असतील, तीन झाले असतील, पाचही झाले. कुणी बोललं नाही. दहा सेकंद. पंधरा. निनादने माझ्याकडे पाहिलं. साहेब हळूच मान हलवू लागले, आपलं म्हणणं खरं ठरल्यावर माणूस हलवतो तशी. वेणूला सात चोक येत नाहीत असं धरणं म्हणजे तिला दूध ओळखता येत नाही असं धरणं, पण ती ओठ मिटून समोर बघत होती. मला रडू येईल असं वाटलं.

"अठ्ठ," सतरंजीच्या कडेकडून आवाज आला. मग पुन्हा शांतता. मग, "अठ्ठावीस."

साहेबांनी वळून पाहिलं. मैना त्यांच्या मागे, दाराजवळ बसली होती.

"पन आमच्या एका म्हशीचा," मैना म्हणाली, आणि आम्ही सगळे पुन्हा थांबलो, "एक पाय अधू हाय."

साहेब वेणूकडे वळले. "तुला उत्तर येत होतं?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

"मैना बोलत हुती की."

"ती तर गप्प होती."

"न्हाय. तोंड उघडलं हुतं तिनं," वेणू म्हणाली. "तुमची पाठ हुती तिकडं."

"आणि चष्मा लावला तेव्हा? दुसऱ्या खेपेला?"

"तिथं कोन न्हवतं, साहेब. निस्तं तांदूळ."

साळोखे साहेब खाली बस्करावर बसले. त्यांचे गुडघे छातीला लागत होते. त्यांनी निनादकडून पाटी घेतली, ती रेघ मोठी करून पुन्हा पाहिली, आणि अंगठ्याने स्वतःची बोटं दाबत ते पाच उंचवटे मोजले. मग वर्गाकडे पाहिलं. दुसरीपासून पाचवीपर्यंत दहा मुलांच्या उजव्या मुठी मांडीवर होत्या, अंगठे बोटांवर टेकलेले. इतकी वर्षं मी त्या मुठी रोज बघत होते, त्या दिवशी मला त्या फार सुंदर दिसल्या.

"बाई," साहेब म्हणाले, "तीस वर्षं आम्ही मुलांना एकेकटं बसवून मोजतो. मूल दुसऱ्यासाठी थांबतं का, हा रकानाच नाही आमच्याकडे." मग ते मुलांना म्हणाले, "बरं, शेवटचा प्रश्न. या शाळेत सगळ्यांत हुशार कोण?"

हा प्रश्न मी आयुष्यात वर्गात विचारलेला नाही, आणि कुणी विचारला तर मला संताप येतो. पण साहेबांना थांबवायच्या आत अंगठे फिरू लागले होते. पहिल्या बोटावरून दुसऱ्या बोटावर. मैनाने वर्गाकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं. अंगठे जागच्या जागी थांबले.

"मी," मैना म्हणाली.

साहेब इतरांकडे वळले. "बाकीच्यांचं काय म्हणणं आहे?"

वेणूने पाच मोजले. मी पाहत होते, पुरते पाच.

"तिनं सांगितलं की," ती म्हणाली.

मग साहेबांनी चहा मागितला. चहा पिता पिता त्यांनी शिफारशीचा जुना मजकूर खोडला आणि तिथे, शाळा आहे तिथेच चालू राहावी, असं लिहिलं. त्या कागदावर शेवटी एक रकाना असतो, शाळेतल्या सर्वांत बुद्धिमान विद्यार्थ्याचं नाव लिहायचा. साहेबांनी आकड्यांच्या यादीकडे पाहिलं नाही. मैना झोरे, इयत्ता पहिली, असं त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सहीला सरकवला. मी मुकाट्याने सही केली.